हृदय घडून जातं, मग आपली नोंदणी होते: खान्देशच्या आरोग्य यंत्रणेला खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, जळगाव, धुळे आणि नंदुरबार.

विषय: दिवस जाण्याआधी आणि पाळी चुकल्याबरोबर थायरॉईड व साखरेची तपासणी सुरू करण्याबाबत.

महोदय, महोदया,

गरोदर बाईचं नाव बाराव्या आठवड्याच्या आत नोंदलं गेलं, की आपल्या दप्तरात ती वेळेवर झालेली नोंदणी ठरते. हे बारा आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. बाळाचं हृदय मात्र याच हिशेबाने पाचवा आठवडा संपता संपता धडधडायला लागतं, आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याचे चार कप्पे, मधले पडदे, झडपा आणि बाहेर निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या आपापल्या जागी आलेल्या असतात. आशाताईंनी उन्हातान्हात पायपीट करून अकराव्या आठवड्यात नाव नोंदवलं, तरी तोवर हृदयाची मांडणी उरकलेली असते. पुढे ते वाढतं, त्याचा स्नायू पक्का होतो, पण कुठला कप्पा कुठे, हे बदलत नाही. या राहून जाणाऱ्या आठवड्यांबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे.

मी डॉक्टर नाही. शहादा भागात प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले. गर्भविज्ञान हा माझा आवडीचा विषय होता. माझ्या विद्यार्थिनींपैकी काही आज उपकेंद्रांत परिचारिका आहेत, काही आशा आहेत, काही प्रयोगशाळांत काम करतात. त्यांच्याकडून जे कानावर येतं आणि वर्गात मी जे शिकवत आले, ते एकमेकांशेजारी ठेवलं, की आपली व्यवस्था नेमकी कुठे उशिरा पोचते हे स्पष्ट दिसतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून खुलं लिहिते आहे.

आधी हृदयाचं वेळापत्रक सांगते, कारण सगळी मागणी त्याच्यावर उभी आहे. गर्भधारणा झाल्यावर अठरा-एकोणीस दिवसांनी गर्भाच्या पुढच्या टोकाला हृदयाच्या पेशींचा चंद्रकोरीच्या आकाराचा पट्टा तयार होतो. त्याच्या दोन बाजू मध्यभागी येऊन जुळतात आणि एक सरळ नळी बनते. एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी ती नळी आकुंचन पावू लागते. तेव्हा बाईची पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो, आणि पुष्कळ जणींना दिवस गेलेत याची खात्रीही नसते. गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात (पाळीच्या हिशेबाने सहाव्या) नळी उजवीकडे वळते, पीळ घेते, आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत तिच्यात पडदे उभे राहतात. यातली एखादी पायरी चुकली तर पडद्याला छिद्र राहतं, रक्तवाहिन्या उलट्या कप्प्यांना जोडल्या जातात किंवा झडप अरुंद होते. शरीरात सगळ्यात आधी कामाला लागणारा अवयव हाच.

हे डोळ्यांनी बघता येतं. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात कोंबडीची उबवलेली अंडी ठरावीक तासांनी फोडून गर्भ काचपट्टीवर घेतात. तेहेतीस तासांच्या गर्भात हृदयाची नळी दिसते आणि त्याच सुमारास तिची पहिली हालचाल सुरू होते. अडतीस-चाळीस तासांचा गर्भ कोमट मिठाच्या पाण्यात ठेवला तर ती सूक्ष्म नळी भिंगाखाली आकसताना दिसते. अजून त्या पिलाला डोळे धड नसतात, पायांचा पत्ता नसतो. हे पाहताना मुली हमखास एकच विचारायच्या: मॅडम, या पेशींना इथे या असं सांगतं कोण?

या प्रश्नाचं बरंचसं उत्तर गेल्या काही दशकांत मिळालं आहे. गर्भातल्या शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप देतात, हे जुनं ज्ञान. पण हृदयाच्या अगदी पहिल्या जुळणीत एका छोट्या संप्रेरकाचाही (हार्मोनचाही) हात आहे, हे २०१३ मध्ये समोर आलं, आणि त्यामागची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

पेशींच्या पृष्ठभागावर एपीजे नावाचा एक ग्राहक, म्हणजे बाहेरचा रासायनिक निरोप पकडणारं प्रथिन, असतो. तो १९९३ मध्ये सापडला. तेव्हा ते किल्ली नसलेलं कुलूप होतं. १९९८ मध्ये अपेलिन नावाचं संप्रेरक मिळालं आणि किल्ली सापडली असं सगळ्यांना वाटलं. पण हिशेब जुळेना. झेब्राफिश या माशात हा ग्राहक बिघडवला, तर पिलांत हृदयाच्या पेशी फारच थोड्या तयार होत, काहींत तर हृदयच नसे. उंदरांतही ग्राहक नसला की हृदयात दोष दिसत. अपेलिन काढून टाकलं, तर मात्र उंदरांची हृदयं ठीकठाक घडत. शिवाय अपेलिन गर्भात तयार व्हायला लागतं, त्याच्या आधीच या ग्राहकाची गरज लागलेली असते. म्हणजे आणखी एक किल्ली असली पाहिजे, आणि ती आणखी आधीची.

ती मिळाली जनुकसंचाच्या अशा भागात, जिथे प्रथिनाची कृती लिहिलेली नाही असं समजलं जात होतं. सिंगापूरमध्ये ब्रुनो रेव्हर्साद यांच्या गटाने आणि अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात अलेक्झांडर शिअर यांच्या प्रयोगशाळेत आंद्रेआ पाउली यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तिच्यापर्यंत मजल मारली. एका गटाने तिला एलाबेला म्हटलं, दुसऱ्याने टॉडलर. सिंगापूरच्या गटाचा शोध २०१३ च्या अखेरीस छापून आला, हार्वर्डचा २०१४ मध्ये. परिपक्व एलाबेला म्हणजे अवघी बत्तीस अमिनो आम्लांची साखळी. इन्सुलिनमध्ये एक्कावन्न असतात, यावरून तिचा आकार लक्षात यावा. झेब्राफिशच्या गर्भात पेशी थरांमध्ये विभागून आपापल्या जागी सरकत असतात, त्या सुरुवातीच्या तासांत एलाबेला त्यांना चालतं करते. ती नसली तर पुढे हृदय होणाऱ्या पेशी वेळेत जागेवर पोचत नाहीत. आणि झेब्राफिशचं हृदय एका दिवसात धडकू लागतं, त्यामुळे चुकलेली वेळ भरून काढायला पुढे जागाच उरत नाही.

हा मासा मूळचा भारतीय उपखंडातल्या गोड्या पाण्याचा, जेमतेम चार सेंटिमीटरचा. त्याचं पिल्लू पारदर्शक असतं, म्हणून हृदय घडताना जिवंतपणी पाहता येतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही याच माशाच्या हृदयावर काम चालतं. आपल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी हे जरूर जाऊन पाहावं, असं मला मनापासून वाटतं. तालुक्याच्या गावात शिकलं म्हणून विज्ञान पुस्तकातच राहावं, हे मला कधीच पटलं नाही.

एलाबेलाची गोष्ट माशापाशी थांबत नाही. माणसाच्या भ्रूणापासून मिळालेल्या मूळपेशीही ती स्रवतात. २०१७ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासातून दिसलं, की वारही (प्लासेंटा) हे संप्रेरक तयार करते. ज्या गाभण माद्यांच्या वारेत ते नव्हतं, त्यांचा रक्तदाब चढला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली. बाहेरून एलाबेला दिल्यावर ही लक्षणं उतरली. त्यांच्या काही पिलांच्या हृदयातही दोष होते. हे उंदरांतलं आहे, बायकांमध्ये याचं औषध झालेलं नाही, आणि कुणी तसं सांगून काही विकत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके आलेल्या बाया आपल्या ग्रामीण रुग्णालयांनी पाहिल्या आहेत. बाळाच्या हृदयाची पहिली जुळणी आणि आईचा रक्तदाब या दोन्हींत एकाच छोट्या संप्रेरकाचा हात असू शकतो, हे समजल्यावर आईची तपासणी आणि बाळाची तपासणी अशी वेगळी खाती मानणं मला कठीण जातं.

गर्भाच्या स्वतःच्या संप्रेरकांपर्यंत आपला हात पोचत नाही. एलाबेला मोजायची चाचणी उपकेंद्रात होणार नाही, आणि तशी मागणी मी करतही नाही. आपला हात पोचतो तो आईच्या संप्रेरकांपर्यंत, कारण त्या आठवड्यांत गर्भ जवळजवळ सगळं आईकडूनच घेत असतो.

साखरेचं आधी सांगते, कारण तिथला पुरावा सगळ्यात भक्कम आहे. दिवस जाण्याआधीपासून मधुमेह असलेल्या बाईच्या बाळाला जन्मजात हृदयदोष असण्याची शक्यता इतरांच्या तीन ते पाच पट असते. आईचं इन्सुलिन वार ओलांडत नाही, साखर ओलांडते. आणि हृदय घडत असताना गर्भाचं स्वादुपिंड ती साखर आवरण्याइतकं तयार झालेलं नसतं. जादा साखरेचा ताण ज्या पेशींवर पडतो, त्यांत मज्जानलिकेच्या (पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणाऱ्या नळीच्या) कडेने निघून हृदयाकडे जाणाऱ्या पेशीही असतात. महाधमनी आणि फुप्फुसाकडची वाहिनी यांना वेगळं करणारा पडदा त्या उभारतात. म्हणून अशा बाळांत या दोन वाहिन्यांचे दोष अधिक आढळतात. इथे एक गोष्ट घाबरलेल्या घरांसाठी लिहायला हवी: सर्वसाधारणपणे हजार जिवंत जन्मांमागे आठ-नऊ बाळांना हृदयदोष असतो. त्याची चौपट झाली, तरी मधुमेह असलेल्या बहुसंख्य आयांची बाळं धडधाकट हृदय घेऊनच जन्मतात. आणि गर्भधारणेच्या आधीपासून साखर आटोक्यात ठेवली तर धोका उतरतो.

आपल्याकडे पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासायची पद्धत आहे, आणि राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ती पहिल्या भेटीतच करायची असते, मग पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात. सूचना योग्य आहे. पण पहिली भेटच तिसऱ्या महिन्यात झाली, तर हृदयाच्या दृष्टीने ती चाचणी मागच्या गोष्टीची नोंद ठरते. चोपडा, यावल, रावेरकडे केळीच्या मळ्यांत राबणाऱ्या, पंचविशीतल्या, सडपातळ बाईला साखर असू शकते, हे घरच्यांच्या मनातही येत नाही. तिची साखर कधी तपासलेलीच नसते.

आता थायरॉईड. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास आयोडीन साठवू लागते आणि पुरेसं संप्रेरक द्यायला तिला अठरा-वीस आठवडे लागतात. तोवर जे लागतं ते आईचं. मेंदूच्या वाढीसाठी ते किती मोलाचं आहे हे आपण सगळे जाणतो. हृदयाबद्दल सांगायचं तर, जन्मतः थायरॉईड कमी असलेल्या बाळांमध्ये हृदयदोष इतर बाळांपेक्षा जास्त आढळतात, आणि हृदयाच्या स्नायूला जन्माच्या वेळी लागणारी ताकद व लय देण्यात या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो. आईच्या कमी थायरॉईडमुळे हृदयाच्या रचनेत दोष होतो का, याचा पुरावा साखरेइतका ठाम नाही, आणि तसा तो आहे असं मी भासवणार नाही. पण गर्भपात, कमी वजन आणि मेंदूची वाढ एवढी कारणं आधीच हातात असताना ही चाचणी लवकर करायला आणखी कशाची वाट पाहायची?

त्यात एक गोष्ट अशी आहे जी आपल्या आशाताईंपर्यंत पोचलीच पाहिजे. ज्या बाया आधीपासून थायरॉईडची गोळी घेतात, त्यांची गरज दिवस गेल्यावर वाढते, आणि ती पाचव्या आठवड्याइतक्या लवकर वाढू लागते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशा बायकांची मात्रा सरासरी जवळपास निम्म्याने वाढवावी लागली होती. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. पोटात बाळ आहे, आता कुठली गोळी नको, असं घरातली मोठी माणसं मायेने सांगतात आणि सून गोळी बंद करते. हृदय आणि मेंदू घडण्याच्या आठवड्यांत बाईचं थायरॉईड खाली जातं, आणि तिसऱ्या महिन्यात केस पेपर काढताना कुणीतरी विचारतं, गोळी चालू आहे ना?

आयोडीनचाही विषय इथेच येतो. सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गलगंडाचे पट्टे दिलेले असतात. त्यांत हिमालयाच्या पायथ्यासोबत मध्य प्रदेशातलं नर्मदेचं खोरं, गुजरातचा भरूच जिल्हा आणि महाराष्ट्रातलं औरंगाबाद यांची नावं आहेत. नकाशा उघडून पाहावा: नंदुरबारच्या उत्तर सीमेवर नर्मदा आहे, आणि भरूच काही फार लांब नाही. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, आणि माणसांच्या खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे. पण सैल, जाडं मीठ अजून विकलं जातं, गुराढोरांसाठी म्हणून घेतलेलं चुलीपाशीही पोचतं, आणि उघड्या डब्यात, ओलसर जागी ठेवलेल्या चांगल्या मिठातलंही आयोडीन कमी होत जातं. मीठ तपासायचा छोटा संच असतो, थेंब टाकला की मीठ निळं होतं. धडगाव, मोलगीच्या आठवडे बाजारात हा थेंब लोकांसमोर टाकून दाखवला, तर भाषणाची गरज पडणार नाही.

संप्रेरकांसारखंच काम करणारं आणखी एक द्रव्य आहे, रेटिनोइक आम्ल. ते अ जीवनसत्त्वापासून बनतं, आणि पेशीच्या केंद्रकात त्याचा जो ग्राहक असतो तो थायरॉईडच्या ग्राहकाच्याच कुळातला. विल्सन आणि वॉर्कनी यांनी १९४९ मध्ये दाखवलं होतं, की अ जीवनसत्त्व न मिळालेल्या उंदीरमाद्यांच्या पिलांत हृदयाचे आणि महाधमनीच्या कमानीचे दोष येतात. जास्त झालं तरी तेच. मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल गरोदरपणात घेतल्या गेल्या, तेव्हा बाळांच्या हृदयात, कानांत, मेंदूत दोष आले, हे १९८५ मध्ये नोंदलं गेलं. जळगाव-धुळ्यात लग्न ठरलेल्या मुली चेहऱ्यासाठी गोळ्या घेतात. औषध दुकानदारांच्या बैठकीत हा विषय एकदा काढावा, एवढंच.

आता ज्या गोष्टीमुळे मला हे पत्र लिहिणं टाळता आलं नाही, ती सांगते. पाळी चुकली की पाळी आणायची गोळी. खेड्यात ही सर्रास मागितली जाते आणि चिठ्ठीशिवाय मिळते. ही गोळीही संप्रेरकाचीच. आणि ती घेतली जाते नेमकी पाचव्या-सहाव्या आठवड्यात, जेव्हा हृदयाची नळी वळत असते. जुन्या काळी अशी संप्रेरकं गर्भधारणा तपासण्यासाठीच देत. ब्रिटनमध्ये प्रिमोडोस नावाचं असं औषध होतं, ते १९७८ मध्ये बाजारातून गेलं. त्याने बाळांना इजा झाली की नाही, यावर अजून वाद आहे: २०१७ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने कारणसंबंध सिद्ध होत नाही असं म्हटलं, आणि २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सगळे अभ्यास एकत्र तपासून हृदयदोषांसह काही दोषांशी संबंध दिसतो असं मांडलं. भारतात जास्त मात्रेच्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन गोळ्यांविरुद्ध महिला संघटनांनी १९८० च्या दशकात दीर्घ लढा दिला आणि १९८८ मध्ये त्यांवर बंदी आली. आज मिळणाऱ्या गोळ्या वेगळ्या आहेत, त्यांची मात्रा वेगळी आहे, आणि कुणी घेतली असेल तर घाबरून गर्भ पाडायला धावू नये, डॉक्टरांना सांगावं. पण आधी लघवीची तपासणी न करता अशी गोळी घ्यायची गरजच काय? आशाताईंकडे निश्चय किट मोफत असतं. पाच मिनिटांत कळतं. ते किट मागायला बाईला लाज वाटणार नाही अशी सोय केली, तर गोळीही टळते आणि पाचव्या आठवड्यातच दिवस गेल्याचं कळतंही.

कृपया हे सगळं आयांच्या माथी मारलं जाऊ नये. बहुतेक हृदयदोषांचं एकच एक कारण सापडत नाही. काही जनुकांतून येतात, काही डाऊन सिंड्रोमसारख्या स्थितींसोबत येतात, आणि काही सगळं नीट असतानाही येतात. साक्री, शिरपूरकडच्या आया तालुक्याच्या दवाखान्यात लेकराला दाखवताना सांगतात, "रडनं का ओठ काया-निळा पडतस." त्यांच्या मागे उभी असलेली सासू विचारते, हिने काय खाल्लं होतं? त्या प्रश्नाला आपल्या यंत्रणेने कधीही दुजोरा देता कामा नये. पण टाळता येण्यासारखा जो थोडा भाग आहे, तो टाळायची जबाबदारी बाईवर न टाकता आपण घ्यायची आहे.

देशात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बाळं हृदयदोष घेऊन जन्मतात असा अंदाज आहे. त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झालेला. शाळेत, अंगणवाडीत डॉक्टर येतात, छातीला नळी लावून ऐकतात, शंका आली तर पुढे पाठवतात, आणि शस्त्रक्रियेसाठी मुलाला मुंबई-पुण्याकडे नेलं जातं. हे फार मोठं काम आहे. अशा शस्त्रक्रियेनंतर धावणारी मुलं मी वर्गात शिकवली आहेत. तरी ते दोष घडून गेल्यानंतरचं काम आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची दर महिन्याची नऊ तारीखही दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांसाठी आहे. पहिले दहा आठवडे कुणाच्याच वाट्याला आलेले नाहीत.

ते वाट्याला घ्यायचे तर तपासणी लग्नाच्या आसपास आणावी लागेल, आणि खान्देशात त्याला सोयीचा दिवस आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी लग्न झालेली लेक माहेरी येते. झोके बांधले जातात, गौराई मांडली जाते, आणि मुली चार दिवस आईपाशी मोकळ्या असतात. सासरी जी गोष्ट विचारता येत नाही, ती माहेरी विचारता येते. त्या आठवड्यात प्रत्येक उपकेंद्रात माहेरवाशिणींसाठी एक दिवस ठेवावा: रक्तातली साखर, टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी), हिमोग्लोबिन, रक्तदाब, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि हातात एक निश्चय किट. सातपुड्यात आखाजीऐवजी होळी धरावी, कारण पावरा आणि भिल्ल घरांतली कामावर गेलेली माणसं तेव्हाच परततात, आणि होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारात सगळा पाडा भेटतो. माहिती पावरी, भिलोरी आणि अहिराणीत द्यावी, आणि ती सांगणारी त्याच गावची बाई असावी.

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. सिकलसेलसाठी नंदुरबारच्या आश्रमशाळांतल्या मुलींचं रक्त तपासलं जातं. वाढत्या वयाच्या मुलींसाठी त्याच वेळी आणखी एक नळी भरून टीएसएच करता येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुने नेऊन तपासणारी महालॅबची व्यवस्था आहे. सध्याच्या राष्ट्रीय सूचना थायरॉईडची चाचणी जोखीम असलेल्या गरोदर बायकांपुरती सुचवतात. आपल्या तीन जिल्ह्यांत, निदान सातपुड्याला लागून असलेल्या तालुक्यांत, ती प्रत्येक नवविवाहितेसाठी खुली करावी आणि तिचे निकाल तीनही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून अभ्यासावेत. धुळ्याचं महाविद्यालय जुनं आहे, जळगाव आणि नंदुरबारची नवी आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला आणि स्वतःच्या मातीतला अभ्यास कुठे मिळणार? निकाल हाती आले की थायरॉईडची गोळी आणि मधुमेहाचे उपचार जवळच्या आरोग्य केंद्रात नियमित मिळायला हवेत. अहवाल हातात देऊन बाईला साठ-सत्तर किलोमीटरवर पाठवलं, तर ती जात नाही.

माझी शेवटची विनंती ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी आहे, आणि ती सगळ्यात तातडीची आहे. दिवाळी झाली की चाळीसगाव, साक्री, नवापूर, अक्कलकुवा भागातून टोळ्या गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात निघतात. त्यांत नव्या जोडप्यांची संख्या मोठी असते, कारण कोयत्याला जोडी लागते. कित्येकींना दिवस जातात ते फडावरच. त्यांची पहिली तिमाही कुठल्याच जिल्ह्याच्या नोंदवहीत येत नाही. टोळ्या निघण्याआधी, दिवाळीच्या आठवड्यात, मुकादमांना आणि ग्रामपंचायतींना विश्वासात घेऊन या बायकांची साखर आणि थायरॉईड तपासावं. ज्यांना गोळी लागते त्यांना पूर्ण हंगामाची गोळी सोबत द्यावी. दिवस गेल्याचं कळताच कुणाला फोन करायचा, तो आरोग्य केंद्राचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये आशाताईंनी स्वतः टाकून द्यावा, आणि आपल्या जिल्ह्याने त्या कारखान्याच्या तालुक्याला त्यांची यादी पाठवावी. यंदाच्या हंगामापासून हे कोणत्या तालुक्यांत सुरू होईल, ते आपण तिन्ही जिल्हा परिषदांनी मिळून दिवाळीपूर्वी जाहीर करावं. गावोगावी माहिती पोचवायला, आशाताईंना हृदयाचं वेळापत्रक समजावून सांगायला माझ्यासारखे निवृत्त शिक्षक विनामूल्य यायला तयार आहेत. आम्हाला फक्त गावांची यादी द्यावी.

आपली,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
शहादा, जि. नंदुरबार